हॅरोफिल्डची चाल

जोथम पेक पिंपं बनवायचा आणि स्तोत्रांना चाली लावायचा. पिंपं गळत नसत. चालींबद्दल गावात दोन मतं होती.

हॅरोफिल्ड हे मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांमधलं गाव. तिथे कोणत्याही गोष्टीबद्दल दोनच मतं असत, कारण तिसरं मत सुचलेला माणूस लवकरच दुसरीकडे जमीन घेऊन राहायला जाई. जोथम राहिला. त्याचा जन्म तिथलाच, बाप तिथलाच पिंपवाला, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका फिरत्या गायनशिक्षकाकडे एका हिवाळ्यात चोवीस धडे घेऊन तो गावातला सर्वांत मोठा संगीतज्ञ झाला. दुसरा कोणी नव्हताच.

जोथम बुटका होता, खांदे मात्र रुंद. डाव्या हाताचं एक बोट लाकडाच्या फळीत सापडून वाकडं झालेलं. चर्चच्या कोणत्याही समितीवर त्याला कधी घेतलं नाही. पण रविवारी प्रार्थनाघराच्या वरच्या सज्जात तो पहिल्या बाकावर उभा राही, खिशातून सुराची लाकडी शिट्टी काढी, तिचा दांडा हव्या त्या खुणेपर्यंत ओढून एकदा फुंके, आणि मग ते वाकडं बोट वरखाली हलवू लागे. तेवढा वेळ अख्खं गाव त्या बोटाच्या ताब्यात असे. जोथमला ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती, आणि ती ठाऊक असल्याचं त्याच्या मानेवर दिसे.

चालीला गावाचं नाव द्यायचं, ही आमच्याकडची रीत. शब्द स्तोत्राचे, चाल माणसाची, नाव गावाचं. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असायलाच हवा असं नाही. मृत्यूवरच्या स्तोत्राच्या चालीला एखाद्या आनंदी बंदराचं नाव असतं आणि कोणी हसत नाही. मापात बसलं की कोणतंही स्तोत्र कोणत्याही चालीवर म्हणता येतं. जोथमने वीस वर्षांत एकतीस चाली बांधल्या, त्यांना आजूबाजूच्या एकतीस गावांची नावं दिली. लिटन, कोल्डवेल, ब्रुकसेंड. जिथे त्याचं पिंप चांगल्या भावाने विकलं गेलं नव्हतं अशा गावांनासुद्धा त्याने उदार मनाने चाली दिल्या. दोनच नावं वापरली नव्हती. एक पेल्टन, कारण पेल्टनचे लोक स्वतःला फार समजतात असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याची सासू पेल्टनची होती. दुसरं हॅरोफिल्ड.

हॅरोफिल्ड त्याने राखून ठेवलं होतं. सर्वांत चांगली चाल होईल तिला ते द्यायचं. छापील पुस्तकाच्या सूचीत आपल्या गावाचं नाव आणि त्यापुढे आपलं नाव, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. हे तो कोणाला बोलला नव्हता, म्हणजे फक्त बायकोला, लोहाराला आणि पिंप न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला.

चाळिसाव्या वर्षी ती चाल झाली. गावाला नवा पाळक मिळाला होता, मिस्टर एल्नेथन व्हिटलॉक. वय चोवीस, कॉलेजातून ताजा बाहेर पडलेला, अंगात पुस्तकं जास्त आणि मांस कमी. चर्चचा कारभार बघणारा डीकन असाहेल टटल स्वतः घोड्यावर तीन दिवस प्रवास करून त्याला पसंत करून आला होता, त्यामुळे तो आपण विकत घेतलेला घोडाच आहे अशा मायेने डीकन त्याच्याकडे बघे. ऑक्टोबरात पाळक म्हणून त्याची दीक्षा व्हायची होती. सात गावांचे पाळक येणार होते. डीकनने दोन महिने आधी जोथमला स्तोत्र कोणतं ते सांगून ठेवलं.

"चारही कडवी म्हणायची," डीकन म्हणाला. "आणि ते तुझं पळापळीचं गाणं नको."

"त्याला पाठलाग म्हणतात, डीकन."

"एका सशामागे चार कुत्री सोडल्यासारखं वाटतं मला. खालचे आवाज सुरू होतात, मग दुसरे, मग तिसरे, शब्द कोणाचा कोणाला कळत नाही. देवाला तरी कळतात का, मला शंका आहे."

"देवाला चार आवाज एकदम ऐकता येत असतील," जोथम म्हणाला. "त्याला रोज सगळ्या हॅरोफिल्डचं ऐकावं लागतं."

अर्थात त्याने पाठलागच बांधला. पहिलं कडवं असं होतं:

डोंगरांकडे लावून डोळे
उभा इथे मी राही;
साहाय्य माझे येते आहे,
दुसरी आशा नाही.

तिसऱ्या ओळीपाशी जोथमने सगळ्यांना थांबवलं आणि फक्त खालच्या आवाजांना पुढे सोडलं, "येते आहे". ते म्हणत असतानाच मागून मुख्य चालीचे आवाज, "येते आहे". मग वर बायका, मग मधले. सगळीकडून साहाय्य धावत येतंय असं वाटे, आणि चौघे एकत्र येऊन आदळत ते शेवटच्या ओळीवर. मग दोन ठिपके, म्हणजे पाठलाग पुन्हा पहिल्यापासून. लोहार ओबेद स्ट्रिकलंड खालच्या आवाजांचा म्होरक्या. पहिल्यांदा म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "जोथम, ही तू केलीस याच्यावर माझा विश्वास बसत नाही." जोथमने ही स्तुती आहे असं धरून चालीला हॅरोफिल्ड हे नाव दिलं.

आता आमच्याकडे चाल शिकवतात ती आधी नुसत्या सुरांवर. फा, सोल, ला, मी. त्यावर घोटून घोटून पक्की झाली की मग पहिलं कडवं. वहीत सुरांखाली तेवढंच लिहिलेलं असतं. बाकीची कडवी स्तोत्रांच्या पुस्तकात असतात आणि ती त्या त्या दिवशी आपोआप बसतात, कारण माप तेच. सप्टेंबरभर रोज दिवेलागणीला शाळेच्या खोलीत बावीस माणसं फा सोल ला करत होती.

जोथमची बायको केझाया वरच्या आवाजांत पहिली. तिला वाचायची सवय होती, आणि ती नवऱ्याला फार उपयोगी वाटत नसे.

"अहो, पुढची कडवी वाचलीत का?" तिने एकदा विचारलं.

"कशाला? माप तेच आहे. पिंपात सायडर भरलं काय, व्हिनेगर भरलं काय, पिंपाला काय त्याचं?"

"पिणाऱ्याला असतं," केझाया म्हणाली आणि पावाच्या पिठाकडे वळली.

दीक्षेचा दिवस उजाडला. सात पाळक डीकनच्या घरी न्याहारीला उतरले. थंड मांस, मक्याचं पुडिंग, भोपळ्याची पाई आणि एका मोठ्या वाडग्यात रमचं पंच, तेही दोनदा भरलेलं. आमच्याकडे दीक्षेला पंच लागतंच. मग प्रार्थनाघर. खाली प्रतिष्ठेप्रमाणे बसलेली कुटुंबं, वर गाणारे. पेल्टनच्या वृद्ध पाळकांनी प्रवचन दिलं. अडीच तासांत त्यांनी पाळकाची सोळा कर्तव्यं सांगितली आणि सतरावं पुढच्या खेपेसाठी राखलं. नव्या पाळकाने तीन रात्री जागून आपलं श्रद्धेचं निवेदन लिहिलं होतं. ते म्हणून झाल्यावर तो व्यासपीठावरच्या बाकावर बसला, डोळे मिटले, आणि त्याची हनुवटी पांढऱ्या गळपट्टीत हळूहळू रुतली. चिंतन चाललंय असं खालून वाटत होतं. वरच्या सज्जातून ते चिंतन जरा घोरताना ऐकू येत होतं.

डीकनने उभं राहून स्तोत्राचा आकडा सांगितला. जोथमने शिट्टी फुंकली, आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "हॅरोफिल्ड."

पहिलं कडवं असं गेलं की खाली बसलेली माणसं, जी एरवी भिंतीकडे बघतात, ती माना मागे वळवून वर बघू लागली. दुसरं तसंच. जोथमचं बोट हवेत तरंगत होतं. हे तिसरं कडवं:

पाय तुझा तो घसरू न देई,
रात्रंदिन तो पाही;
पाळक अमुचा झोपी गेला
ऐसे होणे नाही.

केझायाच्या ते आधी लक्षात आलं. पण लक्षात येईपर्यंत तिसरी ओळ संपली होती, सगळे थांबले होते, आणि ओबेद लोहाराने भात्यातून काढावा तसा आवाज काढून एकट्याने सुरुवात केली होती, "झोपी गेला".

पाठलागाचं एक आहे. एकदा सुरू झाला की कोणालाही थांबवता येत नाही. प्रत्येकजण आपापली मात्रा मोजत असतो, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला कोणाला सवड नसते. चालीचे आवाज आत आले, "झोपी गेला". अकरा बायका आल्या, "झोपी गेला, झोपी गेला". केझायासुद्धा बरोबर मात्रेवर आली, कारण वीस वर्षं नवऱ्याने तिला तेच शिकवलं होतं. शेवटी मधले आले. चारही बाजूंनी गाव नव्या पाळकाकडे बघून एकच बातमी एकमेकांना देत होतं. जोथमच्या बोटाला आता डोकं उरलं नव्हतं, ते आपलं आपण हलत होतं.

त्या गलबल्याने मिस्टर व्हिटलॉक जागा झाला. आपलं नाव पुकारलं असावं असं वाटून तो ताडकन उभा राहिला आणि त्याने वाकून नमस्कार केला. नेमक्या त्याच क्षणी सगळे आवाज एकत्र आले, "ऐसे होणे नाही". लिटनच्या पाळकांनी रुमाल तोंडात कोंबला. पेल्टनच्या लोकांनी तेवढेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

आणि मग दोन ठिपके. पाठलाग पुन्हा पहिल्यापासून.

ओबेदने नंतर मोजून सांगितलं, सगळं मिळून अठ्ठावीस वेळा.

डीकन टटलची खात्री होती की जोथमने हे मुद्दाम केलं. जोथम इतका हुशार नाही, असं केझायाने अनेकांना शपथेवर सांगून पाहिलं, आणि जोथमला हा बचाव आरोपापेक्षा जास्त लागला. मिस्टर व्हिटलॉक स्वतः सभ्य माणूस होता. पण गावात पोरं त्याला "झोपी गेला" म्हणू लागली. पुढे तीस वर्षं त्याने तिथे प्रवचनं दिली आणि त्या काळात झोपी गेला तो मुख्यतः श्रोतृवर्ग, पण नाव चिकटलं ते त्यालाच.

फेब्रुवारीत डीकन जोथमच्या कारखान्यात आला.

"मी भांडायला आलेलो नाही, जोथम."

"मग बसा. त्यावर नको, ते अजून ओलं आहे."

डीकन दुसऱ्या पिंपावर बसला. "मार्चच्या गावसभेत मी विषय ठेवलाय. त्या चालीवरून गावाचं नाव काढायचं. पेल्टनचे लोक बाजारात मला विचारतात, टटल, तुमचं ते हॅरोफिल्ड एकदा म्हणून दाखवा. गावाचं नाव आहे ते. तुझ्या बापाचं नाही."

"चाल माझी आहे."

"चाल तुझी, नाव आमचं. म्हणून सांगतो. ती पळापळ काढून टाक. चौघांनी एकदम म्हणायचं, एकदम संपवायचं. मग नाव ठेव, मीच सभेत हात वर करीन. छापून घे, सूचीत घाल. मला माहीत आहे तुला ते किती हवंय. सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

जोथमने हातातली फळी उलटी करून पाहिली. "विचार करतो," तो म्हणाला.

त्याने खरोखर विचार केला. पाठलाग कापून दोन्ही टोकं जोडली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात ओबेदला बोलावून तिघांनी ती चाल म्हणून पाहिली.

"कशी वाटली?" जोथमने विचारलं.

"चूक कुठे नाही," ओबेद म्हणाला. "म्हणताना घरी जाऊन काय जेवायचं ते ठरवून झालं माझं."

"आणि तू? तुला काय वाटतं?"

"छान आहे," केझाया म्हणाली. "नवा पाळकसुद्धा उठणार नाही हिने."

"पण नाव राहील," जोथम म्हणाला. तो मस्करी करत नव्हता. केझायाने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"मग ठेवा," ती हलकेच म्हणाली. "वीस वर्षं ऐकतेय मी त्या नावाबद्दल. एकदाचं छापून येऊ दे."

मार्चमध्ये गावसभेला निघताना जोथमने हो म्हणायचं ठरवलं होतं. सभा प्रार्थनाघरातच भरत असे. नव्या लग्न झालेल्या तरुणाला मोकाट डुकरं आवरणारा अधिकारी म्हणून निवडायचा नेहमीचा विनोद झाला. मग गुरांच्या कोंडवाड्याचा विषय निघाला: कोंडवाडा ओढ्यापलीकडे हलवायचा की नाही. एकजण म्हणाला, ओढ्यापलीकडे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून दुसरा म्हणाला, ओढ्यापलीकडे कशाला. तिसऱ्याने त्याचं शेपूट पकडलं, कशाला म्हणजे काय. खिडकीपाशी चौथा कधीचा पलीकडे, पलीकडे एवढंच म्हणत होता. तासभर हे चाललं. शेवटी सगळे दमून एका आवाजात म्हणाले, आहे तिथेच राहू दे, आणि ठराव लिहिला गेला. जोथम मागच्या बाकावर बसून ऐकत होता. त्याचं बोट मांडीवर आपोआप वरखाली होत होतं.

मग त्याचा विषय आला. डीकन उभा राहिला.

"बंधूंनो, मागणी साधी आहे. गाव एक आहे, त्याचा आवाज एक असावा. ज्या चालीला आपलं नाव, तिच्यात सगळ्यांनी एका वेळी एकच शब्द म्हणावा. हॅरोफिल्डमध्ये असंच बोलतात. बंधू पेक हे मान्य करतील तर नाव त्यांचं."

सभाध्यक्षांनी विचारलं, "बंधू पेक?"

जोथम उभा राहिला. हो हा शब्द त्याने घरून तयार करून आणला होता, तो तोंडात होताच.

"आत्ता कोंडवाड्यावर जे झालं," तो म्हणाला, "ते कोणी लिहून घेतलं का?"

"ठराव लिहिलाय," लिपिक म्हणाला.

"ठराव नाही. त्याच्या आधीचं."

"ते कशाला लिहायचं? नुसता गोंधळ होता."

"मी ते आधीच लिहिलं होतं," जोथम म्हणाला. "त्याला हॅरोफिल्ड नाव दिलं होतं. ते कापून टाकलं तर शेवटची ओळ उरते, आहे तिथेच राहू दे. तिला चाल कशाला हवी?" मागे कोणीतरी हसलं. डीकन हसला नाही. जोथमचा आवाज जरा खाली गेला. "नाव तुमचं आहे, ठेवून घ्या. मी पाठलाग काढणार नाही."

हात वर झाले. बाजूने एकेचाळीस, विरुद्ध तेवीस. खालचे आवाज आणि चालीचे आवाज बहुतेक विरुद्ध गेले. वरचे आवाज घरी होते, बायकांना हात वर करायची सोय नव्हती. लिपिकाने लिहिलं की यापुढे गावाचं नाव लावायचं ते चौघांनी बरोबर म्हणायच्या चालीलाच. जोथम घरी आला आणि जेवला नाही. केझायाला ओबेदने येता येता सगळं सांगितलं होतं.

पण छापखान्याला नाव हवंच. दोन वर्षांनी पुस्तक निघालं, तेव्हा न वापरलेलं एकच नाव उरलं होतं. जोथमने दात आवळून ते लिहिलं: पेल्टन.

पेल्टन म्हणजे एक गिरणी आणि एक मोडका पूल. पण चाल पसरली. खाली समुद्रापर्यंत लोक ती म्हणू लागले, बरेचजण आधी चारही कडवी नीट वाचून. पेल्टनचे लोक तर ती आपणच बांधल्यासारखी म्हणत. एका वर्षी आभारदिनाला त्यांचे गायक हॅरोफिल्डला पाहुणे आले आणि त्यांनी हॅरोफिल्डच्याच सज्जातून, हॅरोफिल्डच्याच कोंडवाड्याचं भांडण पेल्टन या नावाने म्हणून दाखवलं. खाली सगळ्यांचे पाय ताल धरत होते. डीकनचा एक पायसुद्धा, असं ओबेद सांगतो.

पुढच्या आठवड्यात तीन जणांची समिती घेऊन डीकन कारखान्यात आला. आता तो बराच म्हातारा झाला होता.

"सूची पाहिली आम्ही," तो म्हणाला. "बत्तीस गावं आहेत. कोल्डवेलसुद्धा आहे. आपलं नाही. हे बरं दिसत नाही, जोथम."

"सभेने ठरवलं होतं."

"त्या चालीबद्दल ठरवलं होतं. तू दुसरी कर."

"पाठलागासकट?"

समितीने एकमेकांकडे पाहिलं. "ठराव अजून वहीत आहे," डीकन म्हणाला. "चौघांनी बरोबर."

"बसा," जोथम म्हणाला. शेगडीवर लोखंडी कडं तापत ठेवलं होतं. ते लाल होईपर्यंत त्याने एका फळीच्या मागे खडूने सुरांच्या चार ओळी लिहिल्या, प्रत्येकी चार आवाजांत, आणि फळी डीकनच्या हातात दिली. मग कडं उचलून पिंपावर ठोकून बसवलं.

रविवारी ती म्हटली. सगळे एकदम निघाले, एकदम पोचले. कोणी मागे राहिलं नाही, कोणी पुढे गेलं नाही. संपल्यावर प्रार्थनाघर थोडा वेळ वाट बघत राहिलं.

"झाली?" डीकनने खालून विचारलं.

"ठरावात एवढीच बसत होती," जोथम वरून म्हणाला.

पुढच्या छापील आवृत्तीत ती आली. पुस्तक घरी आलं तेव्हा जोथमने चष्मा लावून सूची उघडली. हॅरोफिल्ड, आणि त्यापुढे जे. पेक. त्याने त्यावरून वाकडं बोट एकदा फिरवलं आणि पुस्तक केझायाकडे सरकवलं.

तिने वाचलं. "दोन्ही नावं बरोबर छापलीत."

"हो."

"म्हणून बघायची?"

"नको," जोथम म्हणाला. त्याने पुस्तक परत घेतलं, पानं उलटत मागे गेला, आणि पुढच्या रविवारच्या स्तोत्राची चारही कडवी पेल्टनवर एकेक करून, पुटपुटत, तपासायला बसला.